वाचकांचे प्रश्न : स्मृतिभ्रंशावरील गोळ्या घेताना

मागील अंकात स्मृतिभ्रंशाविषयी लेख प्रसिद्ध झाल्यानंतर आलेल्या पत्रांपैकी बहुसंख्य पत्रे एकाच औषधाभोवती फिरणारी आहेत. ते औषध म्हणजे डोनेपेझिल. जपानच्या एइसाय कंपनीने विकसित केलेल्या या औषधाला 1996 मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली आणि आता आपल्याकडे अनेक कंपन्या ते निरनिराळ्या नावांनी विकतात. त्यामुळे एकाच घरात दोन वेगळ्या नावांच्या पट्ट्या सापडल्या, तरी आतील औषध एकच असू शकते, हे प्रथम ध्यानात घ्यावे. पत्रे लिहिणाऱ्यांत रुग्ण जवळजवळ नाहीत. मुले, सुना आणि जोडीदार आहेत, म्हणून उत्तरेही त्यांनाच उद्देशून दिली आहेत. कोणाचीही मात्रा येथून बदलता येणार नाही. ते काम रुग्णाला तपासणाऱ्या डॉक्टरांचे आहे.

प्रश्न : माझ्या आईचे वय 74 आहे. डोनेपेझिल 5 मिलिग्रॅमची गोळी महिनाभर दिली, पण स्मरणशक्तीत काहीही फरक पडला नाही. आता डॉक्टरांनी 10 मिलिग्रॅम सुरू केली आहे आणि तेव्हापासून तिला जुलाब होत आहेत, जेवणही कमी झाले आहे. गोळी बंद करावी का? (सातारा)

उत्तर : आपण अपेक्षित फरक कशात शोधत आहात, हे आधी पाहावे लागेल. अ‍ॅसिटिलकोलीन हे मेंदूतील पेशींमध्ये निरोप पोहोचवणारे एक रसायन असून स्मृती आणि अवधान यांच्याशी त्याचा जवळचा संबंध आहे. अल्झायमरमध्ये ते तयार करणाऱ्या पेशी कमी होत जातात. उरलेल्या पेशींनी तयार केलेल्या अ‍ॅसिटिलकोलीनचे विघटन करणाऱ्या एन्झाइमला डोनेपेझिल अडवते, त्यामुळे जे थोडे रसायन शिल्लक आहे ते अधिक काळ टिकते. नष्ट झालेल्या पेशी त्यातून परत येत नाहीत आणि नष्ट होण्याची प्रक्रियाही थांबत नाही. ‘कालचे जेवण आठवते का’ या कसोटीवर या गोळीला तपासले, तर निराशाच पदरी येईल. आई स्वतः आंघोळ करते का, बोलताना वाक्य पुरे करते का, दिवसा खुर्चीत नुसती बसून असते की घरातल्या गोष्टींकडे लक्ष देते, अशा बाबी तीन ते सहा महिने नोंदवून ठेवल्या, म्हणजे औषधाचा उपयोग होतो आहे की नाही, याचा काही अंदाज येतो. घसरण मंदावली तरी तो लाभच समजावा.

जुलाबांचे कारणही याच रसायनात आहे. अ‍ॅसिटिलकोलीन केवळ मेंदूत नसते. आतडी, जठर, मूत्राशय, श्वासनलिका आणि हृदय यांनाही त्याचेच निरोप जात असतात, आणि पोटात गेलेली गोळी मेंदूपुरतीच मर्यादित राहत नाही. मळमळ, जुलाब, भूक मंदावणे, पायांत गोळे येणे हे त्रास मात्रा वाढवल्यानंतरच्या दिवसांत अधिक होतात आणि अनेकांच्या बाबतीत एक-दोन आठवड्यांत ओसरतात. शरीरातील या औषधाचे प्रमाण निम्मे व्हायला सुमारे 70 तास लागतात, त्यामुळे नवी मात्रा सुरू केल्यावर ती रक्तात स्थिरावण्यास जवळपास पंधरवडा जातो. म्हणूनच 5 वरून 10 मिलिग्रॅमवर जाण्यापूर्वी चार ते सहा आठवडे थांबण्याची पद्धत आहे.

मात्र चौऱ्याहत्तराव्या वर्षी जुलाब आणि अपुरे जेवण यांकडे ‘ओसरेल’ म्हणून पाहत बसणेही योग्य नाही. आईंचे वजन आजच करून लिहून ठेवा आणि पुढे दर महिन्याला करा. पाण्याचे प्रमाण कमी होऊन त्या मलूल झाल्या, लघवी कमी झाली किंवा जुलाब आठवडाभरात आवरले नाहीत, तर डॉक्टरांना कळवा. पुन्हा 5 मिलिग्रॅमवर येणे, हा पूर्णपणे मान्य असलेला मार्ग आहे. 5 मिलिग्रॅम ही देखील परिणामकारक मात्राच आहे. आई सांधेदुखीसाठी डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामके घेत असतील तर तेही सांगा, कारण डोनेपेझिलने जठरातील आम्ल वाढते आणि या गोळ्यांच्या जोडीने जठरात व्रण होऊन रक्तस्राव होण्याचा धोका असतो. शौचाला डांबरासारखी काळी झाली, तर वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

प्रश्न : वडील 79 वर्षांचे आहेत. रक्तदाबासाठी मेटोप्रोलॉल आणि काचबिंदूसाठी डोळ्यांत घालायचे थेंब पूर्वीपासून चालू आहेत. डोनेपेझिल सुरू होऊन दोन महिने झाले. गेल्या आठवड्यात ते न्हाणीघरात पडले. क्षणभर शुद्ध हरपली होती, असे आईचे म्हणणे आहे. फारसे लागले नाही, म्हणून आम्ही डॉक्टरांना सांगितले नाही. सांगायला हवे होते का? (ठाणे)

उत्तर : होय, आणि हे उत्तर वाचेपर्यंत सांगितले नसेल तर आजच सांगा.

या पत्रातील ‘क्षणभर शुद्ध हरपली’ हे शब्द सर्वांत महत्त्वाचे आहेत. पाय घसरून पडणे आणि शुद्ध हरपून पडणे या दोन वेगळ्या घटना आहेत. हृदयाचा वेग कमी करणाऱ्या मज्जातंतूचे कामही अ‍ॅसिटिलकोलीनवर चालते. डोनेपेझिलने ते वाढले की नाडी मंदावू शकते, आणि ज्यांच्या हृदयातील विद्युतसंदेशांच्या वहनात आधीच दोष आहे, त्यांच्यात तो दोष उघड होऊ शकतो. मेटोप्रोलॉलही नाडी मंद करते. अ‍ॅटेनोलॉल, डिल्टियाझेम, व्हेरापामिल आणि डिगॉक्सिन या रक्तदाबाच्या किंवा हृदयाच्या औषधांचे कार्यही त्याच दिशेने होते. आपण थेंबांचे नाव लिहिलेले नाही, पण काचबिंदूसाठी टिमोलॉल फार मोठ्या प्रमाणावर वापरले जाते आणि डोळ्यात घातलेले टिमोलॉल रक्तात शिरून हृदयापर्यंत पोहोचते, ही गोष्ट घरच्यांना सहसा ठाऊक नसते. ‘कोणकोणती औषधे घेता’ या प्रश्नाला उत्तर देताना लोक गोळ्यांची नावे सांगतात. थेंब, मलमे आणि पंप यांना औषध म्हणून मोजतच नाहीत. मेंदूविकारतज्ज्ञांच्या चिठ्ठीत गोळी, हृदयविकारतज्ज्ञांच्या चिठ्ठीत दुसरी गोळी आणि नेत्रतज्ज्ञांच्या चिठ्ठीत थेंब असले, तर तिन्ही डॉक्टर आपापल्या जागी बरोबर असूनही तिघांच्या औषधांचा भार एकाच हृदयावर पडत राहतो.

वडील शांत बसलेले असताना मनगटावर तीन बोटे ठेवून पूर्ण एक मिनिट नाडी मोजा. पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नका, कारण ठोके अनियमित असतील तर हिशेब चुकतो. घरी रक्तदाबाचे यंत्र असेल तर त्यातही नाडीचा आकडा दिसतो. तो 60 च्या खाली असेल तर डॉक्टरांना कळवावे. 50 च्या खाली असेल किंवा घेरी, धाप, शुद्ध हरपणे यांपैकी काहीही झाले असेल तर त्याच दिवशी ईसीजी काढणे आवश्यक आहे. आपल्या वडिलांची शुद्ध एकदा हरपलेली असल्यामुळे नाडीचा आकडा चांगला दिसला तरी ईसीजी टाळू नये. मात्र मेटोप्रोलॉल स्वतःच्या मनाने एकदम बंद करू नका. ते अचानक थांबवल्यास हृदयाला अपाय होऊ शकतो. कोणते औषध कमी करायचे, हे ईसीजी पाहून डॉक्टर ठरवतील.

ज्यांना दमा किंवा धूम्रपानामुळे जडलेला जुना श्वसनविकार आहे, पूर्वी जठराचा व्रण झाला आहे, फिट येतात किंवा प्रोस्टेट वाढल्यामुळे लघवी अडते, त्यांनीही डोनेपेझिल सुरू करण्यापूर्वी ही माहिती डॉक्टरांना आवर्जून द्यावी.

प्रश्न : सासूबाईंना डोनेपेझिलमुळे थोडे बरे वाटू लागले होते. मग कपड्यांत लघवी होऊ लागली, म्हणून दुसऱ्या डॉक्टरांनी सोलिफेनासिन दिले. लघवीवर थोडा ताबा आला, पण आता त्या अधिकच गोंधळलेल्या असतात आणि रात्री घरात फिरतात. आजार वाढला असे समजायचे का? (नाशिक)

उत्तर : आजार वाढला असे म्हणण्यापूर्वी औषधांची उतरंड तपासावी लागेल, आणि मला या पत्रात तिचे अगदी नमुनेदार चित्र दिसते.

डोनेपेझिलमुळे अ‍ॅसिटिलकोलीन वाढते, तसे मूत्राशयाचे आकुंचनही वाढते आणि काही रुग्णांना लघवी धरवत नाही. हा पहिल्या औषधाचा दुष्परिणाम आहे, असे कोणाच्या ध्यानात आले नाही, तर तो नवा विकार ठरतो आणि त्यावर नवे औषध येते. सोलिफेनासिन, टॉल्टेरोडिन, ऑक्सिब्युटिनिन ही औषधे अ‍ॅसिटिलकोलीनच्या कार्याला विरोध करून मूत्राशय शांत करतात. म्हणजे एक गोळी जे वाढवते, त्यालाच दुसरी गोळी अडवते. या दुसऱ्या गटातील औषधे कमी-अधिक प्रमाणात मेंदूतही शिरतात आणि ज्याच्याकडे हे रसायन मुळातच अपुरे आहे, अशा वृद्धाला त्यांनी गोंधळ, भास, बद्धकोष्ठ आणि तोंडाला कोरड असे त्रास होऊ शकतात. त्या गोंधळावर उपाय म्हणून पुढे झोपेची किंवा मन शांत करणारी गोळी येते, तिने तोल जातो, आणि ही साखळी एखाद्या दिवशी खुब्याच्या हाडापाशी जाऊन थांबते. कॅनडातील ओंटारियो प्रांतात स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांच्या नोंदींचा अभ्यास 2005 मध्ये प्रसिद्ध झाला होता. डोनेपेझिलच्या गटातील औषधे घेणाऱ्यांना लघवीवरची अशी विरोधी औषधे पुढे लिहून दिली जाण्याचे प्रमाण इतरांपेक्षा अधिक असल्याचे त्यात दिसून आले. तेव्हा दोष आपल्या एका डॉक्टरांचा आहे, असे समजू नये.

आपण दोन्ही चिठ्ठ्या घेऊन, डोनेपेझिल सुरू करणाऱ्या डॉक्टरांकडे जा आणि लघवीचा त्रास गोळीच्या कोणत्या मात्रेनंतर, किती दिवसांनी सुरू झाला, हे तारखांसह सांगा. लघवीची तपासणीही करून घ्या, कारण वृद्धांमध्ये मूत्रमार्गाच्या संसर्गाने दोन-तीन दिवसांत गोंधळ वाढतो आणि ताप नसल्याने तो लक्षात येत नाही. डोनेपेझिलची मात्रा कमी करणे, दर दोन तासांनी शौचालयात नेणे, संध्याकाळनंतरचा चहा बंद करणे, किंवा गरज पडल्यास मिराबेग्रॉनसारखे वेगळ्या मार्गाने काम करणारे औषध, असे पर्याय डॉक्टरांसमोर आहेत.

अ‍ॅसिटिलकोलीनला विरोध करणारी औषधे दुकानात मागितल्यावर सहज मिळणाऱ्या वस्तूंमध्येही असतात, हे अधिक काळजीचे आहे. सर्दीच्या बहुतेक गोळ्यांमध्ये क्लोरफेनिरामिन असते, पोटात मुरडा आला की दिल्या जाणाऱ्या अनेक गोळ्यांमध्ये डायसायक्लोमिन असते, खाजेसाठी हायड्रॉक्सिझिन आणि पायांच्या जळजळीसाठी अ‍ॅमिट्रिप्टिलिन दिले जाते. स्मृतिभ्रंश असलेल्या व्यक्तीला सर्दी झाली, म्हणून मेडिकलवाल्याकडून ‘साधी गोळी’ आणण्याची आपल्याकडील सवय सोडावी, असे मी स्पष्टच म्हणेन. मीठ-पाण्याच्या गुळण्या आणि वाफ पुरेशी होत नसेल, तर डॉक्टरांना विचारून गोळी घ्यावी.

प्रश्न : रात्री गोळी घेतल्यापासून वडिलांना भयंकर स्वप्ने पडतात, ते ओरडत उठतात. काय करावे? (मडगाव)

उत्तर : हा त्रास डोनेपेझिलने होतो आणि त्यावर उपायही सोपा आहे. गोळी झोपताना घेण्याची प्रथा असली तरी ती सकाळी घेतल्यास परिणाम कमी होत नाही. जेवणाशीही तिचा संबंध नाही. डॉक्टरांना विचारून ती सकाळी न्याहारीनंतर द्यावी. बदल करताना रात्रीची आणि लगेच पुढच्या सकाळची अशा दोन गोळ्या लागोपाठ पडणार नाहीत, याकडे लक्ष ठेवावे. सकाळी देऊनही आठवड्या-दोन आठवड्यांत फरक पडला नाही, किंवा वडील जागेपणी नसलेली माणसे दिसत असल्याचे सांगू लागले, तर पुन्हा तपासणी करावी.

प्रश्न : आई चिपळूणजवळच्या गावी एकटी राहते, शेजारच्या काकू लक्ष ठेवतात. मी पुण्याहून महिन्याच्या गोळ्या डबीत भरून देतो. कधी गोळी राहते, तर कधी दोन घेतल्या जातात, असे वाटते. तिच्यासाठी त्वचेवर चिकटवायचा औषधाचा पॅच बरा पडेल का? (पुणे)

उत्तर : गोळी एक दिवस चुकली तर फारसे बिघडत नाही, कारण आधीच्या दिवसांचे औषध शरीरात असतेच, चुकलेली गोळी दुसऱ्या दिवशी जोडीने मात्र देऊ नये. आठवडा किंवा त्याहून अधिक काळ खंड पडला, तर थेट 10 मिलिग्रॅमने सुरुवात न करता डॉक्टरांना विचारावे, कारण पोटाला आणि हृदयाला झालेली सवय तोवर मोडलेली असते.

जादा गोळ्या पोटात गेल्या तर मात्र गंभीर प्रसंग येऊ शकतो. सतत उलट्या, लाळ गळणे, दरदरून घाम, नाडी फार मंद होणे, स्नायू लुळे पडणे, श्वास अडखळणे ही लक्षणे दिसली, तर रिकामी पट्टी सोबत घेऊन लगेच रुग्णालयात न्यावे; अ‍ॅट्रोपिनचे इंजेक्शन हा त्यावर उतारा आहे. म्हणून महिन्याची भरलेली डबी आईंच्या हाती असणे, ही व्यवस्थाच मला धोक्याची वाटते. ज्या व्यक्तीला गोळी घेतल्याचे आठवत नाही, तिच्या उशाशी तीस गोळ्या ठेवू नयेत. साठा काकूंच्या घरी कुलपात असावा, त्यांनी रोज एक गोळी समोर गिळवावी आणि भिंतीवरील दिनदर्शिकेत त्या तारखेवर खूण करावी. आपण फोनवर ‘गोळी घेतलीस का’ असे आईंना विचारण्याऐवजी ‘आज खूण झाली का’ असे काकूंना विचारावे.

पॅच सहसा रिव्हास्टिग्मिन या वेगळ्या औषधाचा असतो आणि ज्यांना गोळीने फार मळमळते, त्यांना तो सोयीचा पडतो. मात्र विसराळूपणावर तो उपाय नाही, उलट त्याचा स्वतःचा एक धोका आहे. जुना पॅच न काढता नवा लावल्यामुळे एकावेळी दोन-तीन पॅच अंगावर राहून रुग्णांना विषबाधा झाल्याच्या, क्वचित मृत्यू झाल्याच्याही नोंदी आहेत. पॅच पाठीवर लावला तर तो रुग्णाला ओढून काढता येत नाही, पण घरच्यांच्याही नजरेआड राहतो. जुना काढून, त्याची घडी घालून, टाकल्यावरच नवा दुसऱ्या जागी लावावा. एका जागेवर चौदा दिवसांच्या आत पुन्हा लावू नये, आणि तीनपेक्षा अधिक दिवस खंड पडला तर सर्वांत कमी मात्रेपासून पुन्हा सुरुवात करावी लागते. गोळीवरून पॅचकडे जाताना गोळी बंद करायची असते, दोन्ही एकत्र घ्यायची नसतात.

प्रश्न : यजमानांना डोनेपेझिलबरोबर मेमँटिनही दिले आहे. त्यांना मधुमेहामुळे मूत्रपिंडाचा त्रास आहे. चालेल का? (कोल्हापूर)

उत्तर : मेमँटिन हे ग्लुटामेट या दुसऱ्या रसायनाच्या मार्गावर काम करते आणि मध्यम ते तीव्र अवस्थेत दोन्ही औषधे एकत्र देण्याची पद्धत आहे. मात्र मेमँटिन मुख्यतः लघवीवाटे बाहेर पडते. दर आठवड्याला 5 मिलिग्रॅमने वाढवत दिवसाला 20 मिलिग्रॅमपर्यंत नेण्याची रीत असली, तरी मूत्रपिंडे फार निकामी झालेली असतील तर 10 मिलिग्रॅमच्या वर जात नाहीत. मूत्रपिंडांचे काम पाहण्यासाठी रक्तात तपासल्या जाणाऱ्या क्रिएटिनिनचा आकडा बारीक अंगकाठीच्या वृद्धांत फसवा असतो. वय आणि वजन धरून काढलेला मूत्रपिंडाच्या कार्यक्षमतेचा आकडा डॉक्टरांना विचारून घ्या. दोन्ही औषधे एकाच गोळीत असतील तर मात्रा वेगवेगळी बदलता येत नाही, हेही विचारात घ्यावे. अ‍ॅसिडिटीसाठी वारंवार सोडा घेतल्यास लघवी अल्कधर्मी होऊन मेमँटिन शरीरात साचते. कोरड्या खोकल्याच्या औषधात डेक्स्ट्रोमेथॉर्फन आहे का, हे पाहावे. मेमँटिनबरोबर ते टाळायचे असते.

प्रश्न : मुलगा नीटच्या तयारीसाठी क्लासला आहे. वाचलेले लक्षात राहत नाही म्हणतो. एका ओळखीच्यांनी मेंदूचे टॉनिक म्हणून पायरासिटॅम सुचवले आहे. तसेच माझे वय 52 असून मीही हल्ली विसरते. डोनेपेझिल घेऊ का? (लातूर)

उत्तर : दोन्ही प्रश्नांचे उत्तर ‘नाही’ असे आहे.

पायरासिटॅम 1964 मध्ये बेल्जियममधील यूसीबी या कंपनीत तयार झाले आणि स्नायूंना अचानक झटके येण्याच्या एका मेंदूविकारात त्याचा उपयोग होतो. निरोगी विद्यार्थ्याची स्मरणशक्ती त्याने वाढते, असा विश्वासार्ह पुरावा नाही. झोप उडणे, चिडचिड आणि बेचैनी मात्र होऊ शकते, आणि परीक्षेच्या वर्षात झोप गमावणे म्हणजे वाचलेले पक्के होण्याची संधीच गमावणे. मुलगा किती तास झोपतो आणि अभ्यासाचा ताण त्याला पेलतो आहे का, हे त्याच्याशी निवांत बोलून विचारा.

आपल्या बाबतीत आधी निदान हवे. बी-12 जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉइडचे विकार, नैराश्य, रजोनिवृत्तीच्या काळातील अपुरी झोप आणि दीर्घकाळ घेतलेल्या झोपेच्या गोळ्या यांमुळे विसरभोळेपणा येतो, आणि यांपैकी बहुतेक कारणांवर उपाय आहेत. डोनेपेझिल त्यांतल्या एकावरही लागू पडत नाही. वयोमानानुसार होणाऱ्या सौम्य विस्मरणात ते प्रतिबंधक म्हणून घेण्याची शिफारसही केली जात नाही.

प्रश्न : आईला आठ वर्षांपासून अल्झायमर आहे, आता ती कोणाला ओळखत नाही. गोळी चालू ठेवण्यात अर्थ आहे का? शिवाय पुढच्या महिन्यात तिची खुब्याची शस्त्रक्रिया आहे. (नागपूर)

उत्तर : ओळख राहिली नाही म्हणजे औषधाचा उपयोग संपला, असे नसते. मध्यम ते तीव्र अल्झायमर असलेल्या 295 रुग्णांवर ब्रिटनमध्ये झालेल्या आणि 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, डोनेपेझिल चालू ठेवलेल्यांची बौद्धिक क्षमता आणि दैनंदिन व्यवहार हे ते थांबवलेल्यांपेक्षा वर्षभरात कमी घसरले. दुसरीकडे, अंथरुणाला खिळलेल्या आणि गिळण्यास त्रास होणाऱ्या रुग्णात वजन उतरत असेल, तर गोळी थांबवणे हाच शहाणपणाचा निर्णय ठरतो. थांबवायचे ठरलेच तर 10 वरून 5 मिलिग्रॅमवर आणून, साधारण चार आठवडे पाहून मग बंद करतात. त्या काळात वागण्यात ठळक बिघाड झाला, तर पुन्हा सुरू करण्याची वाट मोकळी असते. मात्र शस्त्रक्रियेच्या तोंडावर हा प्रयोग करू नये, कारण मग शस्त्रक्रियेनंतर होणारा गोंधळ भुलेचा, दुखण्याचा की गोळी सुटल्याचा, हे कोणालाच सांगता येणार नाही.

शस्त्रक्रियेपूर्वी भूलतज्ज्ञांना डोनेपेझिलविषयी सांगणे अत्यावश्यक आहे. भूल देताना स्नायू शिथिल करण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या सक्सिनिलकोलीनचा परिणाम या गोळीमुळे लांबू शकतो, तर काही अन्य शिथिलकांचा परिणाम कमी होऊ शकतो. आदल्या दिवशी गोळी न दिल्याने हा प्रश्न सुटत नाही, कारण औषध शरीरात अनेक दिवस राहते. म्हणून स्वतः गोळी बंद न करता निर्णय त्यांच्यावर सोडावा. दाखल करताना सर्व औषधांची नावे, मात्रा आणि वेळा, डोळ्यांच्या थेंबांसह, एका कागदावर लिहून त्याची एक प्रत केसपेपरला लावायला द्या आणि दुसरी आईंजवळ रात्री थांबणाऱ्या व्यक्तीकडे ठेवा.